जाम बोल्ट, तुटलेले स्टड: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत: इंजिनावरचा बोल्ट फिरत नाही, जोर लावला तर तुटतो, आणि तुटल्यावर काय करायचं ते कळत नाही. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. आधी एक खुलासा. गॅरेजमध्ये ‘दहा नंबरचा बोल्ट’ म्हणतात तेव्हा तो आकडा पान्याचा असतो, बोल्टाच्या जाडीचा नव्हे. दहा नंबरचा पाना लागतो तो बोल्ट ६ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे एम६. बारा किंवा तेरा नंबरचा एम८. चौदा, सोळा किंवा सतरा नंबरचा एम१०. ड्रिल आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) विकत घेताना या दोन आकड्यांची गल्लत झाली की हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, भोक वाया जातं. खाली ‘एम’ लावून दिलेला आकडा जाडीचा आहे.

प्रश्न : घर समुद्राला लागून आहे. बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. थर्मोस्टॅट हाउसिंगमधून (कूलंटचं तापमान सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हच्या झाकणातून) कूलंट गळतंय म्हणून ते उघडायला घेतलं. दोनच बोल्ट, दहा नंबरचे. पहिला पाना लावताच कट्कन तुटला. दुसरा हलत नाही आणि आता त्याला हात लावायची भीती वाटते. हेड उतरवावं लागेल का? (वाचक, मालवण)

उत्तर : बहुतेक नाही. दुसऱ्या बोल्टावर जोर न लावता थांबलात, हे फार बरं केलंत.

तुमच्याकडे दोष गंजाचा कमी आणि दोन धातूंच्या शेजाराचा जास्त आहे. बोल्ट पोलादी, हाउसिंग आणि हेड ॲल्युमिनियमचं. मधे कूलंट किंवा खारी हवा शिरली की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी बोल्टाभोवती घट्ट बसते. ही भुकटी फक्त आट्यांत नसते. हाउसिंगच्या आरपार भोकातून बोल्टाची जी दांडी जाते तिथेही ती सिमेंटसारखी धरते. त्यामुळे पुष्कळदा असं होतं की खालचे आटे मोकळे असतात, दांडी वरच अडकलेली असते, आणि डोकं फिरवलं की ते दांडीपासून पिळून सुटतं. तुमचा पहिला बोल्ट असाच तुटला असावा. तसं असेल तर हाउसिंग निघाल्यावर खाली १५ ते २० मिलिमीटर दांडी शिल्लक दिसेल, आणि पकडायला तेवढी भरपूर झाली.

आता दुसरा बोल्ट. कूलंटची पातळी हाउसिंगच्या खाली येईपर्यंत रेडिएटरमधून काढून घ्या. इंजिन पूर्ण गार असतानाच हे करा. बोल्टाचं डोकं तारेच्या ब्रशने साफ करून सहा कोनांची गोटी (सॉकेट) ठोकून बसवा. बारा कोनांची गोटी इथे नको, ती कंगोऱ्यांच्या टोकाला धरते आणि डोकं गोल करते. रॅचेट (गोटी फिरवायचं हँडल) पाव इंच ड्राइव्हचं, म्हणजे पाव इंच चौकोनी टोकाचं घ्या. एम६ बोल्टाची नेहमीची घट्टाई १० न्यूटन-मीटर असते. अर्धा इंच ड्राइव्हच्या २५० मिलिमीटर हँडलच्या टोकावर एवढ्यासाठी फक्त ४ किलोचा दाब लागतो. हात जरासा जड पडला तरी बोल्ट गेला, आणि हातात मोठं हँडल असलं की हात जड पडतोच.

पाना फिरवण्याआधी डोक्यावर सरळ पंच ठेवून पाव किलोच्या हातोडीने वीस-तीस ठोके द्या. जोरात नाही, पण टणक. ठोक्याने भुकटीला चिरा जातात. हाउसिंगच्या कडेलाही बोल्टाभोवती पितळी किंवा लाकडी ठोकळा धरून ठोका. मग शिरणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा ठोके, पुन्हा तेल. या पांढऱ्या भुकटीवर तेलाचा परिणाम लोखंडी गंजापेक्षा कमी होतो. इथे खरं काम ठोका आणि उष्णता करतात.

उष्णता ॲल्युमिनियमला द्यायची, बोल्टाला नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोन्ही १०० अंशांनी तापले तर एम६ बोल्टाभोवती जेमतेम ६ ते ७ मायक्रॉनची मोकळीक मिळते. ऐकायला नगण्य वाटतं, पण पकड मोडायला तेवढी पुरते. हॉट एअर गन पाच-सात मिनिटं हाउसिंगभोवती फिरवा. पाण्याचा थेंब टाकताच चर्र होऊन उडाला की थांबा. उघड्या ज्योतीचा मोह नको. ॲल्युमिनियम लाल होत नाही, रंग न बदलता एकदम वितळतं. शिवाय शेजारी टेंपरेचर सेन्सर, रबरी होज आणि प्लास्टिकच्या नळ्या असतात.

आता पाना लावा, पण आधी घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी किंचित. मग सोडण्याच्या दिशेने. परत घट्ट. पाच अंश फिरला तरी लगेच पुढे ओढू नका. परत आत न्या, तेल सोडा, मग थोडा जास्त बाहेर. एका बोल्टाला वीस मिनिटं लागली तर ती सत्कारणी लागली असं समजा.

तरीही हलला नाही तर हाउसिंगचा बळी द्या. हाउसिंग नवीन मिळतं आणि हेडच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नाही. बोल्टाचं डोकं ड्रिलने उडवा: मधोमध पंच मारून आधी ३ मिलिमीटर, मग ६.५ मिलिमीटरचं ड्रिल डोक्याच्या उंचीएवढंच आत. डोकं गळून पडतं. मग हाउसिंग ठोकत, डावी-उजवीकडे हलवत वर काढा. नाहीच निघालं तर हॅकसॉने दांडीच्या बाजूने उभी चीर द्या, पण हेडचा सपाट पृष्ठभाग यायच्या आधी थांबा आणि उरलेलं छिन्नीने उकला. उघड्या दांडीच्या मुळाशी पुन्हा तेल, गरम हवा आणि वाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड). दांडीला कानशीने दोन समोरासमोरच्या सपाट बाजू केल्या तर पकड घसरत नाही. सीओटू वेल्डिंगवाला (वायूच्या आवरणात तारेने वेल्ड करणारा) जवळ असेल तर दांडीवर नट वेल्ड करून घेणं याहून चांगलं. ते कसं, हे खालच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न : बोल्ट आता तुटणार, हे आधी कळतं का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : बऱ्याच वेळा कळतं, आणि ही जाण आली की निम्मे अपघात टळतात.

सुटणारा बोल्ट आवाज करतो. एक टणक ‘टक्’ होतो, हाताला झटका जाणवतो आणि त्यानंतर फिरवायला लागणारा जोर एकदम कमी होतो. किंवा कुईं-कुईं करत, कुरकुरत तो सरकतो. हे दोन्ही आवाज चांगले. तुटणारा बोल्ट मात्र मुकाट्याने, मऊपणे फिरतो. आधी हँडल स्प्रिंगसारखं वाटतं: दाब दिला की थोडं जातं, सोडला की परत येतं. इथपर्यंत बोल्ट शाबूत आहे. यापुढे ओढत राहिलात आणि जोर वाढत नसताना, आवाज न होता पाना फिरत गेला, सोडल्यावर परत येईना, तर बोल्ट फिरत नसून पिळला जातोय. त्या क्षणी थांबा. पिळ पडलेला बोल्टसुद्धा उष्णतेने आणि मागे-पुढे करून निघू शकतो. तुटलेल्याला मात्र बहुतेक वेल्डिंग किंवा ड्रिल लागतं.

स्टड (डोकं नसलेला, एका टोकाने आत बसवलेला बोल्ट) आणि नट असेल तर सोपी खूण आहे. स्टडच्या टोकावरून नटापर्यंत पांढऱ्या पेनाने एक रेघ ओढा. फक्त नटावरची रेघ सरकली तर नट सुटतोय. दोन्ही एकत्र गेल्या तर अख्खा स्टड मुळातून बाहेर येतोय किंवा पिळतोय, कोणतं ते वरच्या खुणांवरून ओळखा. 

सुरुवातीला सहज सुटलेला बोल्ट दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा जड होऊ लागला, तर आट्यांत गंजाची भुकटी किंवा झिजलेला धातू साचतोय. तसाच ओढला तर आटे बोल्टाबरोबर सोलून बाहेर येतात. एक फेरी आत न्या, तेल द्या, कचरा मोकळा होऊ द्या.

प्रश्न : डब्ल्यूडी-४०, रॉकेल, डिझेल, की ॲसिटोन आणि गिअर ऑइलचं घरगुती मिश्रण? नेमकं काय वापरावं? (वाचक, लातूर)

उत्तर : नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० मुळात ओल हटवण्यासाठी बनवलेलं आहे, नावातली पहिली दोन अक्षरंही ‘पाणी हटवणं’ याचीच आहेत. हलक्या गंजाला ते चालतं. घट्ट जाम बोल्टासाठी ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ असं स्पष्ट लिहिलेलं द्रव घ्या, त्याच कंपनीचंही वेगळं मिळतं. रॉकेल आणि डिझेल पातळ असल्याने शिरतात, पण वंगण म्हणून कमी पडतात आणि पेट घेतात.

घरगुती मिश्रणात ॲसिटोनबरोबर गिअर ऑइल नव्हे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ, घालतात. दोन्ही निम्मे-निम्मे. ते चांगलं शिरतं, पण एकजीव होत नाही, म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्यावं लागतं. काचेच्या किंवा धातूच्या कुपीतून थेंबाथेंबाने सोडा. रंग, रबर आणि बरंच प्लास्टिक त्याने खराब होतं. ॲसिटोनची वाफ थंड खोलीतही पेटते, त्यामुळे ते वापरलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग आणण्याआधी सगळं पुसून, वाळवून घ्या.

द्रव कोणतं, यापेक्षा वेळ किती दिला हे जास्त महत्त्वाचं. आट्यांतली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते आणि लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. त्या भरलेल्या फटीतून तेलाला वाट काढायची असते. पाच मिनिटांत काही होत नाही. काम शनिवारी करायचं असेल तर गुरुवारी रात्री पहिलं तेल सोडा आणि रोज सकाळ-संध्याकाळ हलके ठोके देऊन परत सोडा.

प्रश्न : जुन्या पेट्रोल व्हॅनच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपचं) पॅकिंग गेलंय. बारा नंबरचे नट इतके गंजलेत की दोघांचे कंगोरेच उरलेले नाहीत, आणि एक स्टड हेडच्या पृष्ठभागालगत तुटलाय. गॅरेजवाला हेड उतरवायला सांगतोय. दुसरा मार्ग आहे का? (वाचक, सातारा)

उत्तर : आहे, आणि आधी तोच करून पाहावा.

उरलेल्या दोन नटांपासून सुरुवात करा, कारण स्टड शाबूत आहेत तोवर काम स्वस्त आहे. कंगोरे गेलेल्या नटावर एक नंबर लहान, म्हणजे अकरा नंबरची गोटी हातोडीने ठोकून बसवा. आतून पिळाच्या धारा असलेल्या खास गोट्या मिळतात, त्या आणखी चांगल्या. बसवण्याआधी नट तापवा. इथे नियम वरच्या उत्तराच्या उलट आहे: नट आणि स्टड दोन्ही पोलादी, म्हणून फक्त नट तापवून स्टड शक्य तितका गार राहू द्यायचा. गॅस टॉर्चच्या अणकुचीदार ज्योतीने नट झपाट्याने मंद लाल करा. जितकं रेंगाळाल तितका स्टडही तापतो आणि फायदा जातो. लाली गेल्यावर नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि उत्तम वंगण होतं. मग मागे-पुढे. लाल केलेला नट पुन्हा वापरायचा नाही, त्याची ताकद गेलेली असते.

नट तरीही हटला नाही तर तो फोडा. नटाच्या एका बाजूच्या भिंतीत, स्टडला समांतर, भिंतीत मावेल असं बारीक भोक पाडा आणि तिथे धारदार छिन्नी लावून एक जोरदार ठोका द्या. नट उलगडतो, स्टडच्या आट्यांना लागलंच तर ओरखडा. आठ मिलिमीटरचा नट वाचवण्यासाठी हेडमधला स्टड तोडणं हा सगळ्यांत महाग व्यवहार.

आता तुटलेला स्टड. मॅनिफोल्ड बाहेर काढल्यावर त्यावर नट वेल्ड करणं हा आमच्या मते पहिला उपाय, ड्रिल नंतर. कारण वेल्डिंगची उष्णता थेट स्टडच्या गाभ्यात जाते. स्टड फुगायला बघतो, आजूबाजूचा गंज चिरडला जातो, आणि निवताना स्टड आकसून सैल होतो. शिवाय ॲल्युमिनियमला पोलादाचं वेल्डिंग चिकटत नाही, त्यामुळे हेडचे आटे वाचतात.

रीत अशी. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, इंजिन कंट्रोल युनिट आणि आल्टरनेटरचे प्लग सोडवा. वेल्डिंगची अर्थ क्लिप हेडवरच, कामाच्या जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगांतून किंवा सेन्सरच्या वायरींतून वाट शोधत नाही. पेट्रोलची पाइप झाका, जवळ अग्निशामक ठेवा. आणि हे विसरू नका: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग केलं तर विषारी फॉसजीन वायू तयार होतो. साफसफाईला डब्यावर ‘क्लोरीनरहित’ लिहिलेलं क्लीनरच घ्या आणि ते पूर्ण वाळू द्या.

स्टडचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा. पृष्ठभागालगत असेल तर आधी सीओटू मशीनने मधोमध एक-दोन ठिपके देऊन त्याला थोडी उंची आणा. मग त्यावर एम८ किंवा एम१० चा साधा, गॅल्व्हनाइज न केलेला नट ठेवा आणि नटाच्या भोकातून, आतून बाहेर असं वेल्ड भरत या. आधी स्टड वितळला पाहिजे. नटाच्या कडेला माल चिकटला आणि स्टडवर नुसता टेकला, तर पहिल्याच झटक्यात नट निघून येतो. लाली जाईपर्यंत थांबा, पाणी ओतू नका. मेण लावा आणि नेहमीसारखं मागे-पुढे करा. दोन-तीन वेळा नट तुटून हातात येईल. त्याने निराश होऊ नका, प्रत्येक प्रयत्नाची उष्णता स्टडच्या मुळाशी जमा होत असते. चौथ्या-पाचव्या नटाला निघालेले स्टड काही कमी नाहीत.

प्रश्न : एम८ बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला. भोक पाडून इझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायचा निमुळता, उलट्या पिळाचा दांडा) लावला, तोही आत तुटला. ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतंय. (वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : ड्रिल लावणं आत्ताच थांबवा. इझी-आउट अतिशय कडक पोलादाचा असतो, साधं ड्रिल त्याच्यावरून घसरून बाजूचा मऊ धातू खातं आणि भोक वाकडं होतं.

जिथे हात पोचतो तिथे लहान कडक पंचाने इझी-आउटचे तुकडे करून चुंबकाने काढता येतात, कारण तो जितका कडक तितकाच ठिसूळ. तुकडे होत नसतील तर कार्बाइडची बर (खरवडायचं लहान कडक टोक) हवेच्या ग्राइंडरला लावून खरवडता येतं, हात मात्र स्थिर हवा. खात्रीचा मार्ग स्पार्क इरोजन. यात विजेच्या ठिणग्यांनी धातू कणाकणाने जाळतात, कडकपणाचा प्रश्नच येत नाही आणि आटे शाबूत राहतात. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये ही यंत्रं आहेत. ‘टॅप बर्निंग’ची लहान, हलवता येणारी यंत्रंही असतात. त्यामुळे ब्लॉक उतरवायचा निर्णय घेण्याआधी कुणी जागेवर येऊन करून देतो का, याची चौकशी करा.

इझी-आउट का तुटतो, हेही समजून घ्या. तो निमुळता असल्याने जसा आत रुततो तसा बोल्टाला आतून फुगवतो, म्हणजे जाम बोल्ट आणखी घट्ट होतो. आणि सहा-आठ मिलिमीटरचा पूर्ण बोल्ट ज्या जोराला तुटला, तो जोर त्याच्या निम्म्या जाडीचा इझी-आउट कसा सोसणार? जास्त आवळल्यामुळे तुटलेल्या, पण आटे मोकळे असलेल्या बोल्टाला इझी-आउट चालतो. गंजाने धरलेल्याला नाही.

जाम बोल्टात ड्रिलच करायचं असेल तर उलट्या फिरकीचं, डाव्या हाताचं ड्रिल वापरा. ते कापता कापता बोल्टाला सोडण्याच्या दिशेने ओढतं, आणि पुष्कळदा इझी-आउटची गरजच पडत नाही. तुटलेलं तोंड आधी सपाट करा, मधोमध पंच मारा, एम८ साठी ३ मिलिमीटरने सुरू करा, मग ५, मग ६.८. वेग कमी, दाब भरपूर, तेल सतत. भोक मधोमध पडलं असेल तर ६.८ नंतर बोल्टाची फक्त आट्यांची पातळ साल उरते आणि ती टोकदार पंचाने गोळा करून बाहेर येते. एम६ ला शेवटचं ड्रिल ५ मिलिमीटर. बोल्टाच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ (जास्त कडक बोल्टाची खूण) कोरलेलं असेल तर साध्या एचएसएस ड्रिलऐवजी कोबाल्टचं घ्या.

प्रश्न : प्लग गरम इंजिनवर काढावेत की गार? एक मिस्त्री एक सांगतो, दुसरा उलटं. (वाचक, नाशिक, गाडी डिझेल, ग्लो प्लग जाम)

उत्तर : दोघेही आपापल्या प्लगपुरते बरोबर आहेत.

पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लग ॲल्युमिनियम हेडमधून काढताना इंजिन गार असावं. खूप जाम असेल तर फार तर हात ठेवता येईल इतकं कोमट. तापलेल्या हेडचे आटे मऊ असतात आणि सोलून निघतात.

डिझेल इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगचं दुखणं वेगळं. त्याचं टोक सिलिंडरमध्ये उघडं असतं आणि भोवती काजळी भरते. तो बारीक आणि पोकळ असल्याने सहज तुटतो. म्हणून इंजिन चालवून नेहमीच्या तापमानाला आणा आणि मग काढा. आदल्या दोन-तीन दिवसांत वरून शिरणारं तेल सोडत राहा. टॉर्क रेंच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) वापरा आणि मर्यादा पाळा: एम८ प्लगला सुमारे २०, एम१० ला ३५, एम१२ ला ४५ न्यूटन-मीटर. एवढ्यात सुटला नाही तर अजून तेल, अजून एक दिवस. प्लग चालू स्थितीत असेल आणि तो १२ व्होल्टचा असेल तर वेगळ्या वायरने काही मिनिटं तापवल्यास टोकाची काजळी सैल होते. नव्या डिझेलमध्ये ५ किंवा ७ व्होल्टचे प्लग असतात, त्यांना थेट बॅटरी जोडू नका, जळतील.

आटे सुटूनही प्लग वर येत नसेल तर टोक फुगलंय किंवा काजळीत रुतलंय. पक्कडीने हिसडा देऊ नका, टोक तुटून सिलिंडरमध्ये पडू शकतं. हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवत वर घ्या. नवा बसवण्याआधी त्या भोकातली काजळी ग्लो प्लगच्या रीमरने, ग्रीस लावून काढा, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो.

प्रश्न : ऑइल बदलताना संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन प्लगचं डोकं गोल झालं. (वाचक, पणजी)

उत्तर : एक नंबर लहान गोटी ठोकून पाहा. नाहीतर प्लगच्या कडेला छिन्नी तिरकी लावून सोडण्याच्या दिशेने ठोके द्या. मोठे पाइप पानेही इथे चांगले धरतात, कारण प्लगाचं डोकं बाहेर असतं. प्लग आणि त्याचा वॉशर नवाच घाला. एम१४ प्लगला साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. ऑइल गळू नये म्हणून पाय देऊन आवळायची जी सवय आहे, तिनेच पुढच्या वेळी डोकं गोल होतं आणि ॲल्युमिनियमच्या संपचे आटे जातात. गळती वॉशर थांबवतो.

प्रश्न : होंडा सिटीच्या क्रँक पुलीचा बोल्ट इम्पॅक्ट गननेही सुटत नाही. स्टार्टर मारून सोडवतात, ते करावं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : करू नका. हँडल निसटलं तर हात, रेडिएटर किंवा चेसिस, काहीतरी मोडतं. होंडाच्या बऱ्याच पुल्यांत मधे षट्कोनी खाच असते. तिच्यात बसणारं ५० मिलिमीटरचं पुली धरण्याचं अवजार मिळतं. ते चेसिसला टेकवा, एकोणीस नंबरची गोटी आणि लांब बार लावा, बारच्या टोकाजवळ एक जॅक स्टँड आधाराला ठेवा. एक मीटर पाइपवर ७० किलो वजन टाकलं की जवळजवळ ७०० न्यूटन-मीटर होतात. गन कमी का पडते? बारीक पाइप, अपुरी हवा आणि लांब एक्स्टेन्शन. एक्स्टेन्शन स्प्रिंगसारखं पिळून ठोका स्वतःच खातं. जड भिंतीची खास गोटी थेट लावली तर तीच गन काम करून जाते.

प्रश्न : पुन्हा जाम होऊ नये म्हणून सगळ्या बोल्टांना ग्रीस लावून बसवावं का? आणि हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाकलेले आटे टिकतात का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : साधं ग्रीस एक्झॉस्टवर जळून जातं. तिथे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट हवी. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जात असेल, आणि विशेषतः किनारपट्टीवर, तर तांब्याच्या पेस्टऐवजी ॲल्युमिनियम किंवा निकेलची पेस्ट बरी. पातळ थर, फक्त आट्यांवर. ऑक्सिजन सेन्सरला त्याच्याबरोबर आलेलीच पेस्ट लावा आणि टोकाला अजिबात लागू देऊ नका. कारखान्यातूनच मुलामा दिलेल्या स्पार्क प्लगना पेस्ट लागत नाही.

पण पेस्ट लावली की टॉर्कचा हिशेब बदलतो. कोरड्या बोल्टावर तुम्ही लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातात, फक्त १० टक्के बोल्ट ताणायला उरतात. घर्षण घटलं की त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर २० ते ३० टक्के कमी धरा. हेड बोल्टांना पेस्ट नको. त्यांना कंपनीने सांगितलं असेल तेच, आणि अंशात फिरवून आवळायचे असतील तर बहुतेक इंजिनांत नवे बोल्ट.

हेलिकॉइल नीट बसवलं तर ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं, कारण ती पोलादाची तार मूळ बोल्टापेक्षा मोठ्या व्यासावर रुतलेली असते. एम६ ला ६.३ आणि एम८ ला ८.३ मिलिमीटरचं ड्रिल, मग हेलिकॉइलचाच खास टॅप. बाजारातला साधा एम८ टॅप इथे चालत नाही. तार पृष्ठभागापासून अर्धा ते एक आटा आत जाईल इतकी बसवा, मग तिची जीभ पंचाने तोडून चुंबकाने बाहेर काढा. प्लगाच्या भोकात हे करताना त्या सिलिंडरचा पिस्टन खाली न्या, टॅपच्या खाचांत ग्रीस भरा आणि कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या.

शेवटी, बंद तळाच्या भोकांत तेल, कूलंट किंवा क्लीनर साचू देऊ नका. द्रव दबत नाही. बोल्ट आत जाताना त्या साचलेल्या थेंबांवर जो दाब येतो, त्याने कास्ट आयर्नचा ब्लॉकसुद्धा तडकतो. कापसाची बारीक वात भोकात घालून तळ कोरडा करा, मग गॉगल लावून कॉम्प्रेसरची हवा मारा आणि बोल्ट आधी पूर्ण हाताने, पाना न लावता, तळापर्यंत जातो का पाहा. मधेच अडला तर पाना उचलू नका, टॅप फिरवून आटे पुन्हा साफ करा.